पावडरीतली रेघ

१

दोन हजार तीन साल. माझ्या ते पक्कं ध्यानात आहे, कारण त्याच वर्षी माझं पायाचं शिवणयंत्र जाऊन विजेचं आलं, आणि त्याच वर्षी आमच्या गॅरेजात मिस्त्रींच्या हातात उशी फुटली.

उशी म्हणजे एअरबॅग. मिस्त्री तिला उशीच म्हणायचे. "वहिनी, ही एकच उशी अशी, की जिच्यावर डोकं ठेवायचं नसतं," हा त्यांचा ठरलेला विनोद. स्टिअरिंगच्या मधोमध ती घडी घालून बसवलेली असते. गाडी धडकली की पापणी लवायच्या आत फुगते आणि माणसाला वाचवते. पण नको तेव्हा फुटली तर तीच माणसाचा जबडा मोडते.

गॅरेज ह्यांचं. त्यातला खिडकीजवळचा कोपरा माझा. तिथे मी सीटची कव्हरं शिवायची. त्या दिवशी समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंची गाडी आली होती, तेरा वर्षं जुनी, दुसऱ्या देशातून आणलेली. डॅशबोर्डवरचा उशीचा लाल दिवा विझत नव्हता. स्टिअरिंगखाली एक चपटी तार गुंडाळलेली असते, चाक कितीही फिरलं तरी तुटू नये म्हणून. मिस्त्री तिला फिरकी म्हणत. ती झिजली होती. ती बदलायची आणि जमलंच तर मी मागची सीट नव्याने मढवायची, असं दुहेरी काम. सीट मी सकाळीच उचलून माझ्या टेबलावर आणली होती. त्या गाडीची बॅटरी मागच्या सीटखाली असायची, त्यामुळे ती उघडीच पडली होती.

मी दोऱ्याचं रीळ बदलत होते आणि आवाज झाला. टायर फुटल्याचा आवाज मी हजारदा ऐकला होता. हा तसा नव्हता. कुणी कानाशी दार आपटावं तसा. मागोमाग पांढरा धूर.

धावत गेले. मिस्त्री ड्रायव्हरच्या सीटवर तिरके बसलेले, एक पाय बाहेर. डावं मनगट नको तिकडे वळलेलं. केस, भुवया, मिश्या, सगळं पांढरं, पिठाचा डबा अंगावर पडल्यासारखं. माझ्याकडे बघून ते ओरडले. ओरडलेच, कारण त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता.

"वहिनी, मी बॅटरी काढली होती ना?"

२

मनगट सहा आठवड्यांत जुळेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कानही चार दिवसांत उघडतील. पण त्या एका प्रश्नाला प्लास्टर घालता येत नव्हतं.

मिस्त्रींची शिस्त सगळ्यांना पाठ होती. उशीच्या गाडीत आधी बॅटरीची काळी तार काढायची. तिच्या टोकाला चिंधी गुंडाळायची, म्हणजे चुकून टेकायला नको. मग एक अख्खा चहा प्यायचा, घाईघाईने नाही, फुंकर घालून. "बॅटरी काढली तरी उशीच्या पोटात थोडा करंट उरतो, तो जिरू द्यावा," ते म्हणत. समोर बसायचं नाही, तिरकं बसायचं. उशीच्या पिवळ्या तारेला टेस्टरचा दिवा कधी लावायचा नाही. काढलेली उशी टेबलावर तोंड आभाळाकडे करूनच ठेवायची. पालथी ठेवली आणि फुटली, तर तीच तोफगोळा होते. त्या दिवशीही तिरके बसले म्हणून मनगटावर निभावलं.

पण आमच्या ह्यांचं गणित सरळ होतं. "उशी करंटाशिवाय फुटत नाही. फुटली, म्हणजे करंट होता. करंट होता, म्हणजे बॅटरी काढली नव्हती. यात शोधायचं काय?"

"पण तार काढलेली आहे. चिंधी गुंडाळलेली मी बघितली."

"कधी बघितलीस? नंतर. आणि चिंधी कुणाच्या कापडाची? तुझ्या." त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "खरं सांग, तूच नंतर गुंडाळलीस ना? त्यांना वाचवायला?"

तीस वर्षांच्या संसारात मी एवढी चिडले नव्हते. चिंधी मीच सकाळी दिली होती, नेहमीप्रमाणे, मरून रंगाची. पण ती गुंडाळताना मी मिस्त्रींना पाहिलं नव्हतं. म्हणजे माझ्या शब्दाची किंमत शून्य.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रींची लेक आली, शाळेत शिकवायची ती. तिने हत्यारांच्या पेटीची किल्ली ह्यांच्या टेबलावर ठेवली.

"बाबा आता येणार नाहीत. मी त्यांना माझ्याकडे घेऊन जातेय."

"अगं, मनगट बरं झालं की..."

"मनगटाचं नाही हो. आजोबांना एकसष्टाव्या वर्षी विसरायला व्हायला लागलं. आधी चष्मा, मग घराची वाट, मग आम्ही. बाबांना परवाच एकसष्टावं लागलं. रात्रंदिवस एकच चाललंय, 'मी काढली होती ना गं? का मला नुसतं वाटतंय?' काल चहात साखर घातली का, तेही मला तीनदा विचारलं. स्वतःच्या हातांवर विश्वास नाही उरला त्यांचा."

ती गेली. ती किल्ली टेबलावर तशीच पडून राहिली. ह्यांना ती उचलवेना.

मी घरी जाऊन वन्संना फोन लावला.

३

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजात तेहतीस वर्षं काढून नुकत्याच निवृत्त झालेल्या. तिथे त्यांनी दोन सवयी लावून घेतल्या होत्या. एक, समोरचा काय म्हणतो ते शब्दन् शब्द ऐकायचं. दुसरी, दिसेल ते घड्याळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघायचं. लग्नघरात गेल्या तरी आधी नवरी नाही, भिंतीवरचं घड्याळ बघायच्या.

गॅरेजात शिरताच त्या म्हणाल्या, "अरे, तुझं घड्याळ बारा मिनिटं पुढे आहे."

"मुद्दाम ठेवलंय ताई. लोक वेळेवर येतात."

"लोक येतात, आणि तू बारा मिनिटं आधी जेवतोस. बरं, उशी किती वाजता फुटली?"

"साडेअकरा. भिंतीवर बघितलं ना मी."

मग त्यांनी वायरमनला बोलावलं. वायरमन पस्तिशीचा, आमच्याकडे येऊन जेमतेम चार महिने झालेले. त्याआधी पंधरा वर्षं घरांची वायरिंग करायचा. हात सोन्याचा, पण लाजाळू; बोलताना चपलेच्या अंगठ्याकडे बघायचा.

"तू कुठे होतास रे?"

"पलीकडच्या गाडीचा हॉर्न करत होतो, ताई. आवाज झाला तसा धावलो. मिस्त्रींना मी आणि साहेबांनी मिळून उचललं."

"मिस्त्रींनी बॅटरी काढली होती का?"

तो चपलेकडे बघत हळूच म्हणाला, "ताई, जाऊ द्या ना. मिस्त्री देवमाणूस आहेत. वय होतं माणसाचं. त्यांना आणखी काही विचारू नका."

"हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही."

"मला दुसरं उत्तर नाही," म्हणाला आणि हॉर्नकडे परत गेला. वन्सं त्याच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मला मात्र वाटलं, याला काहीतरी ठाऊक आहे आणि जे ठाऊक आहे ते वाईट आहे.

डॉक्टरीणबाई दवाखान्यात होत्या. त्यांनी मिस्त्रींचा कागद काढून दाखवला. वरती लिहिलं होतं: दुखापतीची वेळ, अकरा अठरा.

वन्संचे डोळे बारीक झाले. "गॅरेजातल्या घड्याळाप्रमाणे साडेअकरा. बारा मिनिटं वजा केली की अकरा अठरा. म्हणजे तुमची वेळ अचूक आहे. मनगटावर घड्याळ होतं?"

"नाही. एकाला टाके घालत होते, घड्याळ खणात. हातमोजे काढले आणि तशीच पळाले."

"मोबाइल?"

"तोही खणात. थांबा, मग मी वेळ बघितली कुठे?" त्यांनी डोळे मिटले. "हां! गाडीतच. मिस्त्रींच्या अंगावर वाकले तेव्हा समोर हिरवे आकडे दिसले. नाडी धरायची आणि वेळ बघायची, आमचा हात आणि डोळा आपोआप तिकडे जातो."

गाडीतलं घड्याळ बॅटरीवर चालतं, हे मला शिवणकाम करूनही कळत होतं. बॅटरी काढलेली असती, तर आकडे काळे पडले असते.

म्हणजे ह्यांचंच खरं होतं. मिस्त्री विसरले होते.

४

"रडायचं असेल तर नंतर रड," वन्सं रस्ता ओलांडताना म्हणाल्या. "आधी मला ती गाडी दाखव."

गाडी त्या दिवसापासून ताडपत्रीखाली होती. कुणी हातच लावला नव्हता. आत सगळीकडे ती पांढरी पावडर बसलेली. उशीची घडी चिकटू नये म्हणून भरतात ती. चारी दारं उघडी होती म्हणून मागपर्यंत गेलेली.

"तू कापडवाली आहेस," वन्सं म्हणाल्या. "तुझी चिंधी तू बघ. हात लावायच्या आधी नीट बघ, आणि काय दिसतं ते सांग."

मी मागे वाकले. मरून चिंधी तारेच्या टोकाला घट्ट गुंडाळलेली. वरून पांढरी. मी हळूच एक वेढा उलगडला. आत मरून. दुसरा वेढा. मरूनच. आतलं धातूचं टोक स्वच्छ, चकचकीत. शेजारच्या पत्र्यावर मात्र बोट फिरवलं की रेघ उठेल इतकी पावडर.

"वन्सं!" मी जवळजवळ किंचाळले. "चिंधी नंतर गुंडाळली असती, तर आतही पावडर असती! ही स्फोटाच्या आधीपासून इथे आहे. त्यांनी तार काढली होती!"

"ऐकलंस का रे?" वन्संनी भावाला हाक मारली. "तुझी बायको खोटं बोलत नव्हती. माफी नंतर मागशील, आधी इकडे ये."

हे आले, वाकले, बघितलं, आणि कपाळाला आठ्या घालून उभे राहिले. "पण ताई, मग घड्याळ कसं चालू? बॅटरी काढलेली आणि करंट चालू, हे म्हणजे नळ बंद आणि बादली भरतेय."

"बादली भरतेय ना? मग दुसरा नळ शोध."

त्या पुढच्या सीटपाशी बसल्या आणि चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. डॅशबोर्ड सगळा पांढरा. पण दोन सीटच्या मधून, सिगारेटच्या लायटरचं भोक असतं तिथपर्यंत, पावडरीत एक बारीक स्वच्छ रेघ होती. केसांत भांग पाडावा तशी सरळ. आणि भोकाच्या आतल्या कडेला पावडरीचा कण नव्हता.

"इथे तार होती," वन्सं म्हणाल्या. "पावडर तिच्यावर बसली, खाली नाही. नंतर कुणीतरी ती उचलली. अगं, डॉक्टरीणबाईंना विचार, गाडी देताना त्यांनी काय जपायला सांगितलं होतं, आणि कुणाला."

मी धावत जाऊन विचारून आले. "रेडिओ! करंट तुटला की तो चोरीचा समजून कुलूप लावून घेतो, गुप्त आकडा मागतो. आकडा फक्त त्यांच्या यजमानांना ठाऊक होता, आणि ते आता नाहीत. सहा बटणांवरची सहा स्टेशनं त्यांनीच लावलेली. रेडिओ जाऊ देऊ नका, एवढंच त्यांनी सांगितलं होतं."

"कुणाला?"

मी पलीकडे बघितलं. हॉर्नचं काम थांबलं होतं.

"वायरमनला."

५

संध्याकाळी पाचला वन्संनी सगळ्यांना गाडीभोवती बोलावलं. डॉक्टरीणबाई आल्या, लेक आली. मिस्त्री गळ्यात हात अडकवून आले आणि दारातच उभे राहिले, परक्याच्या घरी आल्यासारखे.

वन्सं वायरमनला म्हणाल्या, "दाखव."

त्याने पिशवीतून एक लहानशी वस्तू काढली. खेळण्यातल्या मोटारीत असते तेवढी बॅटरी, तिला तार, तारेला लायटरच्या भोकात बसणारा खुंटा.

"रेडिओचा जीव राखायला लावली होती. मिस्त्रींना उचलल्यावर आधी करंट तोडावा म्हणून उपटून पिशवीत टाकली."

"एवढीशी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"उशीला एवढीशीच पुरते, बाई," मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं. मग ते चाचरत पुढे बोलले. "आणि चाकाचं कुलूप सुटावं म्हणून मी किल्ली एक घर फिरवून ठेवली होती. म्हणजे त्या भोकातला करंट सगळीकडे पोचत होता, उशीपर्यंत. फिरकीची तार झिजून उघडी पडलेली. मी ओढली आणि टेकली असणार. पण मला हे कुणी सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं होतं!" वायरमन पहिल्यांदा मान वर करून बोलला. डोळे भरलेले. "मिस्त्री, मी ओरडून सांगितलं होतं. तुम्ही चहा पीत होतात. तुम्ही मला उत्तर दिलंत. आणि तरी तुम्ही हात घातलात. तेव्हाच मला कळलं की तुमचं... म्हणून मी गप्प राहिलो. मी बोललो असतो, तर सगळे म्हणाले असते, म्हातारा सांगितलेलंसुद्धा विसरतो."

मिस्त्रींचा चेहरा राखेसारखा झाला. लेकीने त्यांचा दंड धरला. मी वन्संकडे बघितलं. मला वाटलं, आता थांबवा हे.

वन्सं शांत होत्या. "तू काय ओरडलास? शब्दन् शब्द सांग. गाळायचं नाही, घालायचं नाही."

"म्हणालो, 'मिस्त्री, रेडिओची लाइन सोडलीय हं!'"

"आणि ते?"

"'बरं केलंस!'"

"हो!" मिस्त्री एकदम म्हणाले. "हो, म्हणाला होता! निम्मा कप झाला होता माझा. मी म्हटलं, बरं केलंस. मला लख्ख आठवतंय. म्हणून तर मी निर्धास्त झालो. बॅटरीची मी सोडली, रेडिओची याने सोडली, आता काहीच उरलं नाही!"

वन्सं वायरमनकडे वळल्या.

"तू घरांची वायरिंग करायचास. मेन स्विच चढवला की काय ओरडायचास?"

"'लाइन सोडलीय!' म्हणजे करंट आलाय, कुणी हात लावू नका."

"आणि मिस्त्री, तुम्ही तार सोडली म्हणता तेव्हा?"

"तार सोडली म्हणजे काढली. करंट गेला." मिस्त्री सावकाश म्हणाले आणि तिथेच स्टुलावर बसले.

"आमच्या एक्स्चेंजात लाइन सोडली म्हणजे बोलणं संपलं," वन्सं म्हणाल्या. "नळाला पाणी सोडलं म्हणजे आलं, आणि नोकरी सोडली म्हणजे गेली. शब्द एकच. याने धोक्याची हाक दिली, ती तुम्हाला अभयाची वाटली. आणि तुमच्या 'बरं केलंस'वरून याला वाटलं, म्हातारा विसरला. मिस्त्री, तुम्ही काहीही विसरलेला नाहीत. तार, चिंधी, चहा, अगदी निम्मा कपसुद्धा. तुमची आठवण ठणठणीत आहे. बिघाड भाषेत होता."

मिस्त्रींनी तोंड फिरवलं. लेकीने पदर डोळ्यांना लावला. वायरमन त्यांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "मिस्त्री, मी आधीच विचारायला हवं होतं तुम्हाला."

"गाढवा," मिस्त्री म्हणाले आणि चांगला हात त्याच्या डोक्यावर ठेवला, "मला वाचवायला निघाला होतास आणि वेडा ठरवून बसलास! आता उठ. आणि मला चहा आण. साखर घातलेला. घातली का ते मी विचारणार नाही."

ह्यांनी खिशातून हत्यारांच्या पेटीची किल्ली काढून मिस्त्रींच्या पुढ्यात धरली. टेबलावरून ती त्यांनी कधीच उचलून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं.

६

सहा आठवड्यांनी मिस्त्री परत आले आणि पहिलं काम म्हणून दाराशी एक पाटी लावली: "इथे कुणी काही सोडत नाही. एक तर जोडतो, नाही तर तोडतो." खाली बारीक अक्षरांत: "गाडीची सगळी भोकं तपासा. किल्ली काढून मिस्त्रींच्या खिशात." लोक वाचून हसायचे. पण त्यानंतर आमच्याकडे एकही उशी अवेळी फुटली नाही.

डॉक्टरीणबाईंच्या रेडिओला अखेर कुलूप लागलंच. वायरमनने गाडीच्या कंपनीला चार पत्रं लिहून तो आकडा मिळवला. रेडिओ उघडला तेव्हा सहाही बटणं रिकामी. बाई थोडा वेळ बोटाने ती दाबत बसल्या. मग म्हणाल्या, "त्यांना बातम्या फार आवडायच्या. मला कधीच आवडल्या नाहीत." आणि सहाच्या सहा बटणांवर गाणी लावली. ती गाडी त्यांनी पुढे अकरा वर्षं चालवली.

वायरमन आज त्या गॅरेजचा मालक आहे. बोलताना अजून चपलेकडेच बघतो, पण करंटाचं काही असलं की समोरच्याकडून वाक्य परत वदवून घेतो. लेकीने वडिलांना नेलं नाही. उलट आपली बदली इकडे करून घेतली. हे गेले त्याला सात वर्षं झाली. त्यांनी त्या संशयाबद्दल माझी माफी कधी तोंडाने मागितली नाही; दुसऱ्या दिवशी माझ्या कोपऱ्यात नवा दिवा लावून दिला. बारा मिनिटं पुढचं ते घड्याळ मी तसंच ठेवलंय, आणि वजाबाकी करून वेळ बघते.

मिस्त्री त्र्याऐंशीव्या वर्षी गेले. शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेले तर म्हणाले, "वहिनी, मरून. चिंधी मरून होती." मी म्हटलं, "हो, मरूनच." त्यांनी समाधानाने डोळे मिटले.

वन्संनी ऐंशी ओलांडलीय, ऐकू कमी येतं, म्हणून समोरच्याला प्रत्येक शब्द तीनदा म्हणायला लावतात. तशा पूर्वीही लावायच्याच. मी अठ्ठ्याहत्तरची झाले. परवा चष्मा सापडेना. म्हटलं, सुरू झालं वाटतं आपलं. मग वन्संची आठवण झाली. स्वतःवर ठपका ठेवण्याआधी मी टेबलावरच्या धुळीत रेघ शोधली. होती. चष्मा नातीने उचलून नेला होता.

आणि तिने तसं मला सांगितलंही होतं म्हणे. "आजी, चष्मा घेतलाय" असं ओरडली होती ती, आणि मी म्हणाले होते, "बरं केलंस." मला वाटलं, तिने तिचा घेतला.